पायवाटांचं वर्षभराचं भाडं

डोंगरवाटा दाखवणाऱ्या फुकटच्या ॲपमध्ये आणि पैसे भरलेल्या ॲपमध्ये पायवाट बहुतेक वेळा एकच असते. अगदी एकच. दोन वेगळ्या कंपन्यांचे नकाशे मी शेजारी शेजारी उघडून बघितले, तर ओढा ओलांडल्यावर वाट जिथे वळसा घेते तो वळसा दोन्हींकडे त्याच जागी आणि तेवढाच. दोघांनीही तो ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतलेला. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा जगभरची हौशी माणसं स्वतःच्या वेळात काढत असतात. त्याचा परवाना असा आहे की श्रेय दिलं आणि अटी पाळल्या की तो कोणीही वापरावा, धंद्यासाठीसुद्धा. चढ-उतार दाखवणाऱ्या समोच्च रेषांचीही तीच तऱ्हा. फेब्रुवारी २०००मध्ये 'एंडेव्हर' हे अंतराळयान ११ दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि रडारने जमिनीची उंची मोजून आलं. ती मोजणी पुढे सगळ्यांना खुली झाली आणि आजही कित्येक नकाशांतल्या रेषा तिच्यावरून काढलेल्या असतात.

वाट फुकट, उंची फुकट, उपग्रहांचा सिग्नलही फुकट. मग वर्गणी कशाची? हा प्रश्न डोक्यात ठेवूनच मी अशा एखाद्या ॲपची वर्गणी घ्यायला निघाले.

आमच्या चालणाऱ्या टोळक्यात वाट ठरवायचं काम माझ्याकडे असतं. माझी जुनी पद्धत ओबडधोबड होती. नकाशाचे स्क्रीनशॉट काढायचे, कोणीतरी पाठवलेली जीपीएक्स फाइल, म्हणजे वाटेचे बिंदू साठवलेली फाइल, गटात टाकायची आणि निघायचं. बरं चाललं होतं. "अगं, फुकटात भागतंय ना, मग कशाला नसता खर्च?" हे मैत्रिणीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अडायचं ते रेंज गेल्यावर. ॲपमधला नकाशा पांढरा पडायचा, निळा ठिपका मात्र त्या पांढऱ्यावर इमानेइतबारे सरकत राहायचा. आपण कुठे आहोत हे फोनला पक्कं ठाऊक, पण ते 'कुठे' म्हणजे कशाच्या शेजारी, हे दाखवायला नकाशाच नाही. स्क्रीनशॉटमध्ये नकाशा असतो, पण त्यात ठिपका नसतो. या दोन्ही गोष्टी एकत्र मिळवायच्या तर नकाशा आधीच फोनवर उतरवून घ्यावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं त्याच बटणावर कुलूप.

तेव्हा कोणाचं कुलूप कुठे आहे, हे बघण्यापासून सुरुवात केली. ऑलट्रेल्समध्ये वाटा शोधणं, फोटो आणि अभिप्राय वाचणं मोकळं आहे. नकाशा उतरवून घेणं आणि वाट सुटल्यावर मिळणारा इशारा वर्गणीच्या पलीकडे. विकिलॉकवर लोकांच्या वाटा बघता येतात, आपली नोंदवून चढवता येते. पण दुसऱ्याची वाट फोनवर धरून चालायचं म्हटलं की पैसे. कोमूटची ओळखच मुळी वेगळी होती. एखाद्या प्रदेशाचा नकाशा एकदा विकत घ्या आणि वापरत राहा. वर्षाची वर्गणी हवी असेल तर ती निराळी. आणि ऑरगॅनिक मॅप्ससारखं ॲप म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपचाच नकाशा, अख्ख्या प्रदेशाचा, फुकट, रेंजशिवाय चालणारा, जाहिरातींशिवाय. तिथे कुलूप नाही, पण माणसंही नाहीत. गेल्या आठवड्यात ओढ्याला किती पाणी होतं, खिंडीतला लाकडी पूल अजून आहे का, हे सांगणारं तिथे कोणी भेटत नाही.

हे सगळं मांडून बघितल्यावर निवड दोन-तीन सोयींवर येऊन ठेपली. थ्रीडी उड्डाण, झाडाफुलांची ओळख, वर्षअखेरीला 'तुम्ही किती चाललात' याची रंगीत चित्रफीत, यांसाठी मी एक पैसाही देणार नव्हते. मला हवा होता तो फोनवर उतरवलेला नकाशा, वाट सुटल्याचा इशारा आणि ताजे अभिप्राय.

एका मोठ्या सेवेची सात दिवसांची फुकट चाचणी घेतली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढच्या तक्रारी थोड्याफार फरकाने इतरांनाही लागू पडतील. चाचणी कधी सुरू करायची हा विचार महत्त्वाचा. एखादी मोठी वाट चालायची ठरलेली असेल त्या आठवड्यातच बटण दाबावं, नाहीतर सात दिवस सोफ्यावर बसून नकाशा इकडे-तिकडे सरकवण्यात जातात. कार्डाचा तपशील आधीच द्यावा लागतो आणि मुदत संपली की पूर्ण वर्षाचे पैसे आपोआप कापले जातात. आयफोनवर घेतली असेल तर मुदत संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करावी लागते. शेवटच्या दिवशी रात्री आठवण येऊन काही उपयोग नाही. मी पाचव्या दिवसाची सूचना कॅलेंडरमध्ये लावली आणि मगच चाचणी सुरू केली.

घरातच फोन फ्लाइट मोडवर टाकून बघणं ही सगळ्यात स्वस्त परीक्षा. जीपीएस त्यातही चालतं, कारण फोनचा जीपीएस उपग्रहांचं नुसतं ऐकतो, त्यांना काही पाठवत नाही. रेंज असली की उपग्रह आत्ता कुठे आहेत ही माहिती नेटवरून पटकन मिळते. नसली की तीच माहिती उपग्रहांकडून हळूहळू गोळा करावी लागते, म्हणून मोकळ्या आकाशाखाली थोडं थांबावं लागतं इतकंच. मे २०००मध्ये अमेरिकेने नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून साध्या यंत्रालाही जागा बऱ्यापैकी अचूक कळू लागली. मोकळ्यावर आजचा फोन साधारण ५ मीटरच्या आत असतो. तेव्हा परीक्षा जीपीएसची नव्हती, उतरवलेल्या नकाशाची होती.

या परीक्षेत दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली म्हणजे 'वाट उतरवा' म्हटल्यावर त्या सेवेने वाटेच्या दोन्ही अंगांची एक पट्टी तेवढी उतरवली होती. ठरलेल्या वाटेने गेलो तर ठीक. पण पाऊस आला, कोणाचा पाय मुरगळला आणि डोंगराच्या शेजारच्या सोंडेवरून दुसऱ्या खोऱ्यात उतरायचं ठरलं, तर नकाशा नेमका तिथेच संपतो. ज्या वेळी नकाशा सगळ्यात जास्त लागणार, त्याच वेळी तो नाही. हाताने मोठा चौकोन आखून उतरवायची सोय आत कुठेतरी होती, ती मी शोधून काढली. दुसरी गोष्ट थरांची, म्हणजे एकाच जागेच्या निरनिराळ्या नकाशांची. मी साधा टोपो, म्हणजे समोच्च रेषांचा, नकाशा उतरवला होता. उपग्रहचित्राच्या थरावर गेले तर कोरी जाळी. प्रत्येक थर वेगळा उतरवायचा असतो हे बटणावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

चौकोन मोठा घेतला की जागेचा प्रश्न येतो. चित्रांच्या स्वरूपातला नकाशा लहान लहान चौकोनी तुकड्यांचा बनलेला असतो आणि आपण एक पायरी जवळ गेलो की तेवढ्याच भूभागाचे तुकडे चौपट होतात. दोन पायऱ्यांना सोळापट. उपग्रहचित्रं अगदी जवळच्या पायरीपर्यंत उतरवायला घेतली तर फोन भरून जातो. रेषा आणि बिंदूंच्या रूपात साठवलेला नकाशा त्या मानाने फारच हलका. म्हणून टोपो थर ऐसपैस घ्यायचा आणि उपग्रहचित्र फक्त शंकेच्या जागांपुरतं, एखाद्या नाळेचं, म्हणजे डोंगरातल्या अरुंद उभ्या घळीचं, तोंड किंवा पठाराची कड एवढंच. हा हिशोब चाचणीतच बसला.

खरा वेळ गेला तो लोकांच्या वाटा वाचण्यात. वर्गणीच्या जाहिरातीत 'लाखो वाटा' असं काहीबाही लिहिलेलं असतं. पण आकडा मोठा असून काय, त्यातली विश्वास ठेवावी अशी वाट ओळखता आली पाहिजे.

मी आता नोंदवलेल्या वाटेच्या रेघेकडे आधी बघते, अभिप्रायांतल्या ताऱ्यांकडे नंतर. रेघ मध्येच पट्टीने आखल्यासारखी सरळ गेली असेल तर एकतर तिथे सिग्नल गेला होता किंवा त्या मनुष्याने घरी बसून बोटाने ती आखली आहे. एका जागी रेघेचा गुंता झाला असेल तर तिथे बसून खाल्लं-प्यायलं. फोन खाली ठेवला तरी त्याची जागा दोन-चार मीटर इकडे-तिकडे होत राहते आणि ते सगळं अंतरात धरलं जातं, म्हणून लांबी फुगते. सुरुवातीच्या तुकड्याचा वेग माणसाचा वाटत नसेल तर नोंद गाडीतच सुरू झाली होती. चालण्याचा वेळ आणि एकूण वेळ यांतला फरक बघावा, म्हणजे ते लोक धावत गेले की रमतगमत हे कळतं. फिरून येणारी वाट असेल तर दिशा बघावी, कारण घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावरून, चढणं आणि घसाऱ्यावरून उतरणं हे दोन वेगळे प्रकार आहेत.

चढाईचा आकडा हा तर स्वतंत्रच विषय. एकाच वाटेची एकूण चढाई दोन ॲप वेगवेगळी सांगतात, आणि फरक कधी कधी चांगलाच मोठा असतो. उंचीच्या बाबतीत जीपीएस मुळातच कच्चा. प्रत्येक बारीकसा वर-खाली हेलकावा चढ म्हणून मिळवत गेलं तर सपाट पठारावरही चढाई जमा होते. म्हणून प्रत्येक कंपनी आकडे आपापल्या रीतीने गुळगुळीत करून घेते. कोणी फोनचा आकडा धरतं, कोणी हवेच्या दाबावरून मोजणारं घड्याळ, कोणी नकाशातली उंची. तुलना करायची तर दोन वाटांची एकाच ॲपमध्ये करावी. एका वाटेची दोन ॲपमध्ये करून डोक्याला ताप होतो.

वेळेच्या अंदाजासाठी मी ॲपकडे बघतच नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला हिशोब अजून पुरतो. साधारण ५ किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्यात विश्रांती धरलेली नाही आणि वाट बरी आहे असं मानलेलं आहे. आमच्या टोळक्यासाठी मी त्यावर निम्म्याने वाढवते. फोटो काढणारे दोघं बरोबर असले तर दुप्पट.

आता अभिप्राय. पाच तारे बहुतेकदा वरून दिसणाऱ्या देखाव्याला दिलेले असतात, वाटेला नाही. अर्ध्यातून परत फिरलेले लोक फारसं लिहीत नाहीत, म्हणून सरासरीत त्यांचा आवाज ऐकू येत नाही. मी सगळ्यात कमी तारे दिलेले अभिप्राय आधी उघडते, आणि तारीख बघते. महिना माझ्या जाण्याच्या महिन्याशी जुळत असेल तरच ओढ्याबद्दलचं, गवताबद्दलचं, पाण्याच्या जागेबद्दलचं वाक्य कामाचं. 'सोपी वाट' म्हणणाऱ्याने याआधी काय काय चाललंय हे त्याच्या पानावर जाऊन बघायला अर्धा मिनिट लागतो, तो घालवावा.

आणि एक गोष्ट मी फार उशिरापर्यंत कुणाकडून ऐकली नव्हती. रेघा बघता बघता लक्षात आली. एका वाटेवर शेकडो नोंदी आहेत म्हणून ती बरोबर, असं नसतं. पहिला मनुष्य एका ढोरवाटेला लागून भरकटला, खटपट करून वर पोचला आणि त्याने ती रेघ चढवली. दुसऱ्याने ती उतरवून घेतली आणि तिच्यावरून चालला. त्याचीही नोंद झाली. दहाव्यापर्यंत गवत दबलं आणि विसाव्याला तीच मळलेली वाट दिसली. सगळ्या नोंदी मुळात एकाच माणसाच्या भरकटण्याच्या नकला. म्हणून मी अशी एखादी तरी नोंद शोधते जी या घोळक्यापासून वेगळी गेली आहे आणि तरीही वर पोचली आहे. ती का वेगळी गेली, याचं उत्तर बहुधा जमिनीत असतं.

नकाशावरच्या रेघेचा अधिकार किती मानावा, याचं एक गाजलेलं उदाहरण बेन नेव्हिसचं. २०२१च्या जुलैमध्ये स्कॉटलंडमधल्या गिर्यारोहण संस्था आणि रानजागा जपणारी जॉन म्युर ट्रस्ट ही संस्था यांनी जाहीर इशारा दिला की गूगल मॅप्स त्या डोंगरासाठी दाखवत असलेली सूचना जिवावर बेतू शकते. शिखरापासून सरळ रेषेत सगळ्यात जवळचा वाहनतळ दाखवला जात होता आणि तिथून वर एक ठिपक्यांची रेघ. खऱ्या चढणीची वाट दुसऱ्याच बाजूने. रस्त्यांसाठी केलेला नकाशा डोंगराला लावला की असं होतं. पण चालणाऱ्यांसाठी केलेल्या नकाशाचीही मर्यादा असते. सुरुवातीला सांगितलेल्या 'एंडेव्हर'च्या मोजणीत दर ३० मीटरवर एक उंची आहे. त्याच्या आतलं सगळं घासून गुळगुळीत होतं. समोच्च रेषा दर २० मीटरला असतील तर १५ मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मधे बसून जातो आणि कागदावर नुसता चढ दिसतो. वर्गणी भरून हा कातळ दिसू लागत नाही.

चाचणी संपायच्या आत मी वर्षाची वर्गणी घ्यायचं ठरवलं. महिन्याची मिळत होती, पण बाराने गुणल्यावर वर्षाची बरीच स्वस्त पडत होती. अर्थात हा गुणाकार बाराही महिने चालणाऱ्यालाच लागू, हे नंतर लिहितेच. पैसे ॲपमधून भरायचे की त्या सेवेच्या संकेतस्थळावरून, हा फरक किरकोळ वाटतो. तो तसा नाही. ॲपमधून भरले की व्यवहार ॲप स्टोअरचा असतो. रद्द करायची ते तिथेच, परतावा मागायचा तो त्यांच्याकडेच, आणि फोन बदलून दुसऱ्या कंपनीचा घेतला तर ती वर्गणी जुन्या खात्याशीच बांधलेली राहते. संकेतस्थळावरून भरले की व्यवहार थेट त्या सेवेशी. आणि फोनवरून ॲप पुसून टाकलं म्हणून वर्गणी थांबत नाही, पैसे कापले जातच राहतात. मी संकेतस्थळावरून भरले.

वर्षभरात कामाला आला तो वाट सुटल्याचा इशारा. तोही सुरुवातीला वैताग देऊनच. एका अरुंद घळीतून चाललो होतो, दोन्ही बाजूंना उंच कातळ, आणि फोन सारखा थरथरतोय, वाट सुटली, वाट सुटली म्हणून. वाट कसली सुटतेय, जायला दुसरी जागाच नव्हती. अशा ठिकाणी उपग्रहांचा सिग्नल कातळावर आपटून वळून येतो आणि फोनला आपण भलतीकडेच आहोत असं वाटतं. इशारा बंद करावा की काय, असं मनात येत होतं. घळ संपून वर रानात शिरलो तेव्हा पुन्हा थरथरला. "मावशी, परत ओरडतोय हा," म्हणून आमच्यातला सगळ्यात तरुण गडी हसला. पण आता आकाश मोकळं होतं. थांबून बघितलं तर आम्ही एका ठळक ढोरवाटेला लागून आडवे चाललो होतो आणि आमची वाट मागेच डावीकडे झाडीत वर गेलेली, तोंडाशी झुडूप वाढलेलं. शंभर पावलं मागे आलो. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की इशारा झाला की आधी वर आकाश किती दिसतंय ते बघायचं, मग त्याच्यावर विश्वास ठेवायचा.

घरच्यांना आपण कुठे आहोत हे थेट दाखवण्याची सोय मात्र शोभेची निघाली. तिला रेंज लागते, आणि जिथे घरच्यांना काळजी वाटावी तिथे रेंज नसते. ठिपका खिंडीच्या अलीकडे थांबला म्हणून घरून तिघांनी फोन केले आणि एकही लागला नाही. त्यापेक्षा निघताना वाटेची फाइल, परतायची वेळ आणि 'इतके वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं' हे लिहून ठेवलेलं बरं. बॅटरीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण एवढं सांगते की वाटेची नोंद बॅटरी फार खात नाही, उजळलेला पडदा खातो.

स्वतःची नोंद चढवताना गोपनीयतेच्या पानावर एकदा जाऊन यावं. माझ्या ॲपमध्ये नवी नोंद मुळात 'सार्वजनिक' असायची. स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवणाऱ्या ॲपने २०१७च्या अखेरीस जगभरच्या धावण्या-चालण्याचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला आणि जानेवारी २०१८मध्ये लोकांच्या लक्षात आलं की वाळवंटातल्या लष्करी तळांचे आकार त्यात उजळून निघालेत. सैनिक घड्याळ बांधून पळत होते. आपला तळ कोणी शोधत नाही हे खरं, पण घरापासून सुरू केलेली रेघ घराचा पत्ता सांगतेच. मी सुरुवात आणि शेवट लपवते. आणि पक्ष्यांच्या घरट्यांजवळून गेलेल्या वाटा चढवतच नाही. त्या माझ्याकडेच राहू देत.

वर्षाच्या मध्यावर कोमूट विकलं गेल्याची बातमी वाचली. २०१०मध्ये जर्मनीत सुरू झालेली ती कंपनी मार्च २०२५मध्ये बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीने घेतली आणि बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. त्याआधी २०२१मध्ये गाया जीपीएस हे असंच ॲप आउटसाइड या कंपनीकडे गेलं होतं. व्ह्यूरेंजर हे ॲप तर आउटडोरॲक्टिव्ह या कंपनीने घेऊन २०२२मध्ये बंदच केलं. त्याचे जुने वापरकर्ते नव्या ॲपमध्ये हलवले गेले. अशा बातम्यांनी माझी वर्गणी बुडणार नव्हती, पण भाड्याच्या घरात आपलं सामान किती आहे, हे बघायची वेळ आली होती. वाटांच्या नोंदी, फोटो, ठिकाणांवरच्या टिपा, सगळं तिकडेच पडलेलं.

ते बाहेर काढायला बसले. जीपीएक्स हा २००२पासूनचा साधा, उघडा फाइलप्रकार आहे. नकाशाची बहुतेक ॲप तो वाचतात आणि साध्या मजकुराच्या खिडकीत उघडला तरी अक्षांश-रेखांश डोळ्यांनी दिसतात. चांगली गोष्ट म्हणजे सेवा तो देते. वाईट गोष्ट म्हणजे एका वेळी एकच. सगळ्या नोंदी एकदम काढायचं बटण मला सापडलं नाही, आणि मदतकेंद्राला लिहिल्यावर 'आपली सूचना संबंधितांपर्यंत पोचवली आहे' असं गोड उत्तर आलं. मग एकेक करून काढल्या. फोटो फाइलमध्ये येत नाहीत, ते वेगळे. अभिप्राय आणि लोकांनी त्याखाली विचारलेले प्रश्न तर येतच नाहीत. ते तिथेच राहिले. फाइल काढताना 'ट्रॅक' आणि 'रूट' असे दोन पर्याय दिसतील. ट्रॅकमध्ये चाललेला प्रत्येक बिंदू असतो. रूटमध्ये मोजके थांबे असतात आणि मधली वाट पुढचं ॲप आपल्या मनाने जोडतं. नोंद जपायची तर ट्रॅकच घ्यावा.

याच निमित्ताने ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढलं. झुडपाआड गेलेलं ते वाटेचं तोंड नकाशात पंचवीस-तीस मीटर सरकलेलं होतं. आमच्या नोंदीवरून ते जागेवर आणलं आणि वाटेला 'मधे मधे पुसट' अशी खूण लावली; वाट किती ठळक आहे हे नोंदवायची तिथे रीतसर सोय आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर दुरुस्ती लगेच दिसली. माझ्या पैसे भरलेल्या ॲपमध्ये ती यायला बरेच आठवडे लागले, कारण प्रत्येक कंपनी आपल्या सवडीने नवी प्रत उचलते.

वर्ष सरत आलं तेव्हा नूतनीकरणाचं पत्र आलं, 'काही करण्याची गरज नाही' अशा आश्वासक शब्दांत. मी काही करायला गेले. खातं, मग सेटिंग, मग 'योजना सांभाळा', मग 'तुम्ही काय काय गमावाल' याची यादी, मग कारण विचारणारं पान, आणि त्यानंतर एकदम मोठी सवलत. रद्द करायला गेल्याशिवाय ही सवलत कोणाला दिसत नाही. निष्ठेने भरत राहणाऱ्याला पूर्ण रक्कम. हे मला आवडलं नाही. सवलत घेतली नाही, पण ज्यांना वर्गणी ठेवायचीच आहे त्यांनी या पानापर्यंत एकदा जाऊन यायला हरकत नाही.

रद्द केल्यावरही मुदत संपेपर्यंत सगळं चालू होतं. मुदत संपली त्या दिवशी उतरवलेले नकाशे उघडेनासे झाले. फाइली फोनवरच असाव्यात, कारण जागा मोकळी झाली नव्हती. ॲप फक्त दाखवत नव्हतं. माझ्या नोंदी मात्र शाबूत राहिल्या आणि आजही बघता येतात.

हिशोब मांडला तर मला वर्गणीचा उपयोग चालण्याच्या हंगामात झाला आणि उरलेले महिने ती नुसती पडून होती. नकाशा मी आता फुकटच्या ॲपवर अख्ख्या प्रदेशाचा उतरवून ठेवते आणि जमवलेल्या जीपीएक्स त्यात टाकते. अभिप्राय तर वर्गणीशिवायही वाचता येतात. उरला तो इशारा. त्यासाठी मोठी, अनोळखी वाट असेल तेव्हा महिन्यापुरते पैसे भरायचे. आमच्यातल्या दोघांनी वर्षाचीच ठेवली आहे. ते दर आठवड्याला बाहेर असतात, घड्याळावर वाट पाठवतात, त्यांना ती स्वस्तच पडते. नकाशा आणि फाइल प्रत्येकाच्या फोनवर, आणि दर मोहिमेला निदान एकाच्या फोनवर तरी चालू वर्गणी, असं गटात ठरलं आहे. पुढच्या खेपेला पाळी माझी नाही.